आईबरोबर केबिनमध्ये कोण जाणार?

शाळेतून फोन येतो तो ऑफिसचा. मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलंय. केबिनमध्ये मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वर्गशिक्षिका आणि असल्यास समुपदेशक. समोर एकटी आई. वडिलांना रजा मिळालेली नसते, किंवा त्यांनी ती मागितलेलीच नसते. 'ताई, वर्गात साठ मुलं आहेत. तुमच्या एकट्याच्या मुलाकडे किती बघायचं? त्याच्याच भल्यासाठी सांगतोय, स्पेशल स्कूलचा विचार करा.' किंवा मग, 'शॅडो टीचर तुमची तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या, मग बघू.' आवाज कोणी चढवत नाही. चहासुद्धा मागवला जातो. आणि आई उठते ती दाखला काढायची मनाची तयारी करूनच.

खरं तर कायदा तिच्या बाजूने आहे, आणि चांगला भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला, एप्रिल 2017पासून लागू आहे. त्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि अनेक पालकांच्या गावीही नसलेली अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, तीही आहे. कलम 16 अनुदानित शाळांपुरतं नाही. सरकारची नुसती मान्यता असलेली शाळाही त्यात येते: प्रवेशात भेदभाव करायचा नाही आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या. कलम 17 तर परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट इथपर्यंत तपशिलात उतरतं. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला कलम 31ने मोफत शिक्षण दिलंय, ते जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. शिवाय शिक्षण हक्क कायदा आहेच. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेस 25 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढं असून आई दाखला घेऊन बाहेर का पडते? कारण केबिनमधलं सगळं तोंडी असतं. 'आम्ही हे मूल ठेवणार नाही' हे वाक्य कुठलीच शाळा लेटरहेडवर लिहून देत नाही, आणि 'लेखी द्या' म्हणायला एकट्या माणसाची जीभ रेटत नाही. उद्या मूल त्याच वर्गात बसायचंय, त्याच बाईंच्या हाताखाली, ही धास्ती असते. म्हणून सोबत माणूस हवा. वकीलच हवा असं नाही. कागद वाचता येणारा, कलम ठाऊक असलेला आणि स्वतःचं मूल त्या शाळेत नसलेला कुणीही चालेल.

असा माणूस आज कुठे मिळतो? सगळ्यात जास्त माहिती असते ती समग्र शिक्षेतल्या फिरत्या विशेष शिक्षकाला. गट साधन केंद्रातून शाळाशाळांत हिंडणारा हा माणूस; मुलाला काय जमतं, कुठे अडतं, कोणती बाई सांभाळून घेते आणि कोणती नाही, सगळं त्याला पाठ. पण तो शिक्षण खात्याचाच, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेला. ज्या साहेबांच्या सहीने मुदतवाढ मिळायची, त्यांच्या हद्दीतल्या शाळेविरुद्ध तो बोलणार कसा? तो पालकाला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगतो, 'माझं नाव घेऊ नका, पण अर्ज टाका.' यात त्याचा दोष नाही. असे शिक्षक मुळात आहेत किती, हा आणखी वेगळा प्रश्न. प्राथमिकला दर 10 विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये सांगितलं. पदं मंजूर करा म्हणून त्याच न्यायालयाला 2025च्या मार्चमध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं.

मुंबई-पुण्यात पालकांच्या संघटना आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, तासावर फी घेणारे सल्लागारही आहेत. ज्यांना इंग्रजीतून मेल लिहिता येतो त्यांचं काम बरंच होतं. तालुक्याच्या गावी यातलं काही नाही. तिथे आई सरपंचाला गाठते, नाहीतर ओळखीच्या पत्रकाराला. सरपंचाच्या फोनने मूल शाळेत राहतं खरं, पण मागच्या बाकावर, मेहेरबानी म्हणून.

आता गंमत पाहा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987चा. त्याच्या कलम 12मध्ये मोफत कायदेशीर मदत कुणाला, याची यादी आहे. त्यात दिव्यांग व्यक्ती आहे, स्त्री आहे आणि बालक आहे. तिघांनाही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे केबिनमधून खाली मान घालून निघालेली ती आई आणि बाहेर बाकावर पाय हलवत बसलेला तिचा मुलगा, दोघंही सरकारी खर्चाने वकील मागू शकतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, 15100 हा मदत क्रमांक आहे, आणि गावपातळीवर काम करायला नेमलेले विधी स्वयंसेवकही आहेत. हे स्वयंसेवक लोकअदालतीच्या मंडपात दिसतात, तुरुंगात जातात, पोलीस ठाण्यात बसतात. शाळेच्या पायरीवर मात्र सहसा दिसत नाहीत. पोटगी, जमीन, चेक परत गेला, ही कोर्टाची कामं. शाळेतलं भांडण म्हणजे पालक-शिक्षकांचा घरगुती मामला, असा समज दोन्हीकडे पक्का बसलाय.

सोबतीच्या माणसाने नेमकं काय बदलतं, ते एका अर्जात दिसतं. आई एकटी लिहिते तेव्हा मजकूर असा असतो: 'माझ्या पाल्यास समजून घेऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती.' या अर्जाला उत्तर द्यायची गरज नसते, कारण त्यात मागितलेलंच काही नसतं. तोच अर्ज जाणकार माणूस शेजारी बसवून लिहिला की असा होतो: 'तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. कलम 16 व 17 नुसार पुढील सोयी मिळाव्यात: पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण, चाचणीत तासाला 20 मिनिटे जादा, गृहपाठ तोंडी. यातील जी सोय देता येणार नाही, तिचे कारण लेखी कळवावे.' दोन प्रती. एक शाळेला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा. ठेवायचं नाही. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती जपून ठेवायची. बैठक झाली तर काय ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींत शाळेला कळवायचं. आवक क्रमांकाला शाळा जितकी भिते तितकी घोषणेला भीत नाही.

पुढचा अडथळा ठरलेला: 'प्रमाणपत्रावर 40 टक्के नाहीत, आम्ही काही करू शकत नाही.' कलम 31ला 40 टक्के लागतात, नोकरीतल्या आरक्षणालाही लागतात. वर्गातल्या वाजवी सोयींना लागत नाहीत. हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021मध्ये हे स्वच्छ सांगितलं: लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या रेषेशी बांधता येणार नाही. ही एक ओळ टेबलावर ठेवायला सोबतीला माणूस असला की बैठकीचा सूर बदलतो. नाहीच बदलला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तिथे वकील लागतोच असं नाही, आणि चौकशीत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, माणसं बोलावण्याचे, कागद मागवण्याचे. त्यांची शिफारस मानली नाही तर संबंधितांना तीन महिन्यांत कारण द्यावं लागतं. शिफारसच ती, हुकूम नव्हे, हे खरं. तरीही समन्सचा लिफाफा संस्थाचालकांच्या घरी पोचला की पुष्कळ गोष्टी आपोआप आठवतात.

अमेरिकेत 1975च्या कायद्यापासून शाळेने अशा प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा पालकांबरोबर बसून करायचा असतो, आणि त्या बैठकीला मुलाची माहिती असलेला कुणीही पालक आपल्या बाजूने आणू शकतात. केंद्राच्या पैशावर चालणारं निदान एक पालक केंद्र प्रत्येक राज्यात असतं. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा अनुभव घेतलेले पालक आहेत. तिथे सारं आलबेल आहे असं नाही. 2005 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, आराखडा चुकीचा आहे असं ज्याचं म्हणणं, त्यानेच ते सिद्ध करावं, असा निकाल दिला. म्हणजे बहुतेक वेळा पालकांनीच. पण पालकाने सोबत माणूस आणणं म्हणजे शाळेवर चाल करून जाणं, असं तिथे समजत नाहीत.

आपल्याकडे नेमकं तसंच समजतात, आणि त्याला थोडं कारणही आहे. काही मदतनीसांना मुलापेक्षा भांडण प्यारं असतं. पहिल्याच भेटीत मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्या भेटीत पत्रकार. शाळा नमते, पण बाई त्या मुलाशी बोलणं टाकतात. ज्याच्या मध्यस्थीनंतरही वर्गशिक्षिका मुलाच्या वहीवर मनापासून शेरा लिहिते, तो खरा मदतनीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-दोन वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंची अडचण काल्पनिक नसते. तिने 'मला जमत नाही' म्हटलं तर तिलाही विशेष शिक्षक हवा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती मागणी अर्जात तिच्या बाजूने घालता येते.

विधी सेवा प्राधिकरणांनी यासाठी नवी योजना आखायची गरज नाही. नेमलेल्या स्वयंसेवकांतले प्रत्येक तालुक्यात दोन जण निवडावेत, त्यांना गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांबरोबर आठवडाभर बसवावं, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्यांचे क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावेत. दहावीच्या मुलांसाठी तर घाई आहे, कारण सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो आणि तो कपाटात राहिला तर आईला कळतं ते हॉल तिकीट हातात पडल्यावर.

तोवर पालकांनी स्वतःच प्राधिकरणाचं दार वाजवायला हरकत नाही. जाताना अर्ज मुलाच्या किंवा आईच्या नावाने करावा. वडिलांच्या नावाने केला तर खिडकीवर आधी उत्पन्नाचा दाखला मागतील.