म्हाताऱ्या मांजराचा ‘बिघडलेला’ स्वभाव

घरचे मांजर दहा-बारा वर्षांचे झाले, की त्याच्या वागण्यातील प्रत्येक बदलाचे एकच कारण सांगितले जाते: ते म्हातारे झाले. मातीची पेटी सोडून त्याने कोपऱ्यात घाण केली, तर स्वभाव बिघडला. रात्री ओरडत फिरले, तर त्याला चळ लागला. ही उत्तरे सोयीची खरी. परंतु ती पुष्कळदा चुकीची असतात आणि त्यांची शिक्षा त्या मुक्या प्राण्यास भोगावी लागते. अशा घाणीपायीच कित्येक मांजरे घराबाहेर काढली जातात. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. मात्र त्याच्या आडोशाला रोग सुखाने लपून राहतात.

वेदना उघड न करणे हा मांजराचा जातिस्वभाव होय. कुत्रा लंगडतो, कण्हतो. मांजर नुसते फडताळावर उडी मारणे सोडून देते. अमेरिकेत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९० मांजरांच्या सांध्यांत वा मणक्यांत झीज झाल्याच्या खुणा आढळल्या. पाठ वळत नाही म्हणून अंग चाटता येत नाही आणि केसांच्या जटा होतात. पेटीची कड उंच म्हणून आत चढवत नाही आणि मग कोपरा गाठावा लागतो. यात स्वभावाचा संबंध तो काय? पुष्कळदा बुटक्या कडेचे पसरट भांडे ठेवताच ही ‘खोड’ नाहीशी होते.

मूत्रपिंडाचे कार्य सुमारे दोन-तृतीयांश घटेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. त्यानंतर मांजर वारंवार पाणी पिऊ लागते आणि पेटी लवकर भिजते. मधुमेहातही असेच घडते. अवटु ग्रंथीच्या अतिरेकी स्रावाचा विकार तर याहून फसवा. मांजरांतील या विकाराचे वर्णन १९७९ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी प्रथम केले. यात मांजर भरपूर खाते, तरी रोडावत जाते. त्याला स्वस्थता नसते, रात्री ते हंबरडा फोडते. घरच्यांना मात्र त्याच्या भुकेचे कौतुक वाटते! हा विकार औषधाने आटोक्यात येतो. मूत्रपिंडाच्या व अवटूच्या विकारांत रक्तदाबही वाढू शकतो, आणि तो न मोजल्यास एके दिवशी दृष्टिपटल सुटून मांजर अकस्मात आंधळे होते.

वृद्ध मांजराच्या मेंदूचाही ऱ्हास होतो, हे खरे. परंतु तो निश्चित दाखविणारी एकही सोपी चाचणी नाही. रक्त, मूत्र, रक्तदाब, दात आणि सांधे तपासून इतर कारणे दूर झाल्यावरच पशुवैद्याने त्या निष्कर्षाकडे वळावे. घरची मंडळी बहुधा तेथूनच आरंभ करतात.

दुखणे ओळखल्यावरही एक धोका उरतो, आणि तो औषधांच्या घरगुती डब्यात असतो. माणसाच्या अंगदुखीवर चालणारे पॅरासिटामॉल मांजराच्या यकृतास निष्प्रभ करता येत नाही. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते. हिरड्या काळपट पडतात, तोंड सुजते. दयेपोटी दिलेली एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.