श्रमाचा रकाना

दुपारची आवराआवर झाली की अनेक घरांत मण्यांचे डबे उघडतात, लोकरीचे गुंडे बाहेर येतात. दारावरची घंटा वाजली की टाके मोजून सुया बाजूला ठेवाव्या लागतात. कुकरच्या शिट्टीसरशी ओवलेली सर अर्धी राहते. तरीही सायंकाळपर्यंत एक माळ पूर्ण होते. मग कोणी किंमत विचारते आणि तेथेच चूक होते.

समजा, मणी, धागा व हुक यांना 80 रुपये लागले. गृहिणी 100 रुपये सांगते व 20 रुपये नफा मानते. परंतु त्या माळेत तिचे तीन तास आहेत. तासाला 50 रुपये धरले, तरी मजुरी 150 रुपये होते. माळ 230 रुपयांना पडली आणि 130 रुपये तोट्याने विकली गेली.

पेढीवर हमालीचा पैसाही खतावणीत उतरवणारे कुटुंब घरातील या श्रमाला मात्र ‘हौस’ म्हणते. नातवासाठी विणलेल्या स्वेटरचा हिशेब कोणी मांडू नये. त्याचे मोल नात्यात जमा होते. विकावयाच्या वस्तूला मात्र वही हवी: साहित्य, वेळ, विक्री. वेळेचा रकाना कोरा राहिला, तर नफ्याचा आकडा खोटा ठरतो.