पेशीतले जुने विलीनीकरण

बँकांची विलीनीकरणे मी जवळून पाहिली आहेत. लहान बँक मोठीत जाते, पाटी बदलते, खातेवह्या यथावकाश मुख्य कार्यालयात जमा होतात. तरी जुन्या शाखेत एखादे कपाट जुन्या नावाने उरतेच. आपल्या पेशींतही असे एक कपाट आहे, हे मला फार उशिरा कळले.

तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवतात. त्या एके काळचे स्वतंत्र जीवाणू. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी असा एक जीवाणू दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या पोटात गेला आणि न पचता तिथेच नांदू लागला. त्याची बहुतेक जनुके पुढे केंद्रकात गेली किंवा लोपली. माणसाच्या तंतुकणिकेत आज ३७ उरली आहेत. ती आपल्याला आईकडूनच मिळतात. झाड, बुरशी, माणूस सगळे त्या एका घरोब्याचे वंशज. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे मांडले, त्याआधी अनेक नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला होता. (‘साभार परत’चे दुःख मलाही परके नाही.)

पण मूळ घरमालक कोण? २०१५ साली ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रतळाच्या गाळात त्याच्या भाऊबंदांचा डीएनए सापडला. ते आर्किया गटातले सूक्ष्मजीव. पण प्रत्यक्ष जीव कोणी पाहिला नव्हता. तो पाहिला जपानी शास्त्रज्ञांनी. २००६ साली त्यांनी जपानजवळच्या समुद्रातून, अडीच हजार मीटर खोलीवरून, चिखल आणला. तो स्पंजांवर ठेवून २००० हून अधिक दिवस मिथेन वायूवर पोसला. काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या महाशयांना चौदा ते पंचवीस दिवस लागतात. बारा वर्षांनी तो हाती आला, तोही एकटा नव्हे, मिथेन तयार करणाऱ्या सोबत्यासह. सोबतीशिवाय तो वाढतच नाही! त्याच्या अंगातून लांब हात फुटतात. अशाच हातांनी पूर्वजाने त्या जीवाणूला कवेत घेतले असावे, असा त्या शास्त्रज्ञांचा तर्क आहे. २०२० साली हे प्रसिद्ध झाले.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून, अभ्यासाचा भार कमी करताना, उत्क्रांती वगळली गेली. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. उत्तर मिळाले, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र तो पहिलाच धडा होता.

बारावीचे ते उत्तर मला पटत नाही. मी कॉमर्सचा. दहावीनंतर बहुतेक मुले जीवशास्त्राची वही मिटतात, ती कायमची. उद्याचे बँक अधिकारी, वकील, आमदार यांतूनच येणार. प्रतिजैविके का निकामी होतात, विषाणू रूप का बदलतो, हे त्यांना कोणत्या इयत्तेत कळायचे?

माझी नात त्या वर्षी दहावीत होती. जपानी चिखलाची गोष्ट तिला सांगायला लागलो, तर म्हणाली, “आजोबा, हे परीक्षेला नाहीये.” पण उठून मात्र गेली नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “बारा वर्षं त्या चिखलात काही जिवंत आहे, हे त्यांना कळायचं कसं?”

“अधूनमधून थोडा काढून त्यातला डीएनए तपासायचे,” मी म्हणालो. मग तिने खुर्ची जवळ ओढली.