जागा माझी, जाहिरात कुणाची?

मधुमेहावरचा एक संयत, माहितीपूर्ण लेख मराठी संकेतस्थळावर वाचायला घ्यावा. ‘हा आजार आटोक्यात ठेवता येतो, चमत्काराने जात नाही’ असे लेखक जीव तोडून सांगत असतो आणि त्याच परिच्छेदाखाली चौकट झळकते : एकवीस दिवसांत साखर कायमची घालवा! संकेतस्थळाच्या चालकाला याबद्दल छेडले, तर उत्तर ठरलेले असते. ‘ती जाहिरात आम्ही लावत नाही, यंत्र लावते.’

हे उत्तर खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. पान उघडताच त्यावरच्या रिकाम्या चौकटीसाठी लिलाव होतो, डोळ्याचे पाते लवायच्या आत बोली लागते आणि जिंकलेल्या बोलीची जाहिरात वाचकासमोर येते. त्या क्षणी चालक तिथे नसतो, हे मान्य. पण लिलावाचा मांडव त्यानेच आपल्या अंगणात घातलेला असतो. जाहिरातीचा कोड पानावर चिकटवणारा तोच, पैसे जमा होतात तेही त्याच्याच खात्यात. शिवाय गूगलच्या ॲडसेन्समध्ये नको असलेल्या जाहिरातदाराचे संकेतस्थळ अडवता येते, संवेदनशील विषयांचे अख्खे वर्ग बंद करता येतात आणि दाखवल्या गेलेल्या जाहिराती तपासून नाकारताही येतात. मिळकतीचा आकडा रोज सकाळी पाहणाऱ्याने ही बटणे कधी पाहिलीच नाहीत, यावर विश्वास कसा ठेवायचा?

काही जण तर वाचकालाच आरोपी करतात. ‘तुम्ही जे शोधता तेच तुम्हाला दिसते,’ असे सूचक हसून सांगतात. हा निव्वळ उद्धटपणा आहे. वाचकाचा माग काढून दाखवलेल्या जाहिराती असतात, तशा पानाचा विषय, वाचकाचे ठिकाण पाहून आलेल्याही असतात. लेख मधुमेहाचा म्हणून तर मधुमेहाचा भोंदू तिथे येतो. आणि आपल्याकडे एक फोन अनेक हातांत फिरतो, हे या मंडळींना ठाऊक नाही का? बापाने रात्री पैसे लावून रमी खेळलेल्या फोनवर मुलगी सकाळी दहावीचे व्याकरण वाचते. तिने काय शोधले होते?

मग छापील मासिकांतली ती जुनी ओळ पुढे केली जाते : जाहिरातींतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. छापील अंकात निदान ती जाहिरात छपाईला जाण्यापूर्वी कार्यालयातल्या कुणीतरी डोळ्यांखालून घातलेली असते. इथे तेवढेही नाही. कायदाही या ओळीपुढे मान तुकवत नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या कायद्याने ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केली आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणे निषिद्ध ठरवले. त्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींसाठी 2025 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्ष खटल्यात संकेतस्थळाच्या चालकावर किती जबाबदारी येईल, ते न्यायालय ठरवील. तळटीप ठरवणार नाही.

वजनदार युक्तिवाद एकच आहे, पैशाचा. मराठी मजकुराला जाहिरातीचे दर कमी मिळतात. त्यात चार वर्ग बंद केले की बोली लावणारे आणखी घटतात. लहान चालकाने सर्व्हरचे भाडे कुठून भरायचे? हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याने कधी संकेतस्थळ चालवलेले नसावे. पण हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडतच नाही. मजकूर झाकणाऱ्या, आपोआप आवाज करणाऱ्या जाहिरातींचा अतिरेक करणाऱ्या संकेतस्थळांवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम हा ब्राउझर 15 फेब्रुवारी 2018 पासून रोखू लागला. त्यात चांगल्याही गेल्या. 2009 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर जाहिरातीच्या वाटेने बनावट विषाणूरोधकाचा सापळा शिरला, मार्च 2016 मध्ये ‘बीबीसी’सह अनेक मोठ्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवले गेले. जाहिरात-जाळ्याचे नाव वाचकाला आठवत नाही, वर्तमानपत्राचे आठवते. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर एकट्याने चालवलेल्या संकेतस्थळाची पत किती दिवस टिकणार?

खरा तोटा याहून सावकाश होतो. गावातली सहकारी बँक किंवा एखादा पुस्तक प्रकाशक भोंदू वैद्याच्या शेजारी आपले नाव लावायला तयार होत नाही. तो निघून गेला की जागा पुन्हा लिलावात, म्हणजे पुन्हा भोंदूकडेच. वाचक ॲडब्लॉकर बसवतो, उत्पन्न आणखी घटते, आणि घटलेले उत्पन्न भरून काढायला चालक आणखी दोन चौकटी टाकतो. गरिबी हे अयोग्य जाहिरातींचे कारण म्हणून सांगितले जाते. बऱ्याचदा ती त्यांचा परिणाम असते.

यातून वाट नाही असे नाही. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’मध्ये जाहिराती घेतल्याच नाहीत, तेवढे वैराग्य कुणी मागत नाही. ‘गार्डियन’ने जून 2023 मध्ये जगभरातल्या आपल्या सर्व आवृत्त्यांतून जुगाराच्या जाहिराती बंद केल्या, लॉटरीचा तेवढा अपवाद ठेवून. ‘गार्डियन’ला परवडते, असे कुणी म्हणेल. पण आपल्याकडे 1909 च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे. आजही कितीतरी संपादक दुकानोदुकानी, बँकोबँकी फिरून जाहिराती गोळा करतात. जाहिरातदार त्यांना नावानिशी ठाऊक असतो. तीच पायपीट संकेतस्थळासाठी का होत नाही? ठरलेल्या दराच्या दोन चौकटी ओळखीच्या जाहिरातदाराला विकाव्यात, लिलावाला उरलेली जागा द्यावी आणि तीही कुंपण घालून.

जाहिरात-जाळी चालवणाऱ्या बड्या कंपन्यांचा दोष यात मोठा आहे आणि त्यांच्याकडून जाब मागितलाच पाहिजे. तो मागायला उभे राहणाऱ्या चालकाने मात्र आधी आपल्या खात्यात जाऊन चमत्कारी औषधे आणि जुगार हे दोन प्रकार आजच अडवावेत, आणि प्रत्येक चौकटीखाली वाचकाला तक्रार करता येईल असा एक दुवा द्यावा.