चाळीस गुणांचा इतिहास

१७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल भागात जे घडले त्याची चर्चा बंदोबस्त, अफवा आणि राजकीय डावपेच यांच्याच अंगाने झाली. खुलदाबादची औरंगजेबाची कबर हटवावी म्हणून गांधी गेटजवळच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी निदर्शने झाली, कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली, जळालेल्या कापडावर पवित्र आयत होती अशी अफवा सायंकाळपर्यंत पसरली, आणि रात्री हंसापुरीपर्यंत दगड पडले, वाहने पेटली. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. ‘छावा’ या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा राग उफाळून आला, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितले. सहावी ते दहावी अशी पाच वर्षे मुले शाळेत इतिहास शिकतात. एका चित्रपटापुढे ती पाच वर्षे इतकी दुबळी का ठरावीत, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

ज्या शहरात हे घडले त्याचा आरंभच पाहावा. १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने. गादीच्या भाऊबंदकीत पाठबळ मिळावे म्हणून हा राजा औरंगजेबाच्या आश्रयास गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, आणि ‘बख्त बुलंद’ हे नावही त्याला बादशहाकडूनच मिळाले. पुढे तोच राजा बादशहावर उलटला. मोगल फौजा दख्खनेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतल्या असता त्याने मोगल मुलखावर चढाया केल्या. बारा वाड्या एकत्र करून, शेतकरी आणि कसबी लोक आणून त्याने जे गाव वसविले, त्याला त्याचा वारस चांद सुलतान याने तट घातला. त्या तटाचा जुम्मा दरवाजा म्हणजेच आजचे गांधी गेट. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा उद्भवला तेव्हा त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले, आणि त्यातूनच नागपुरावर मराठ्यांचा अंमल आला.

ज्या दरवाजाच्या सावलीत औरंगजेबाच्या नावाने डोकी फुटली तो दरवाजा असा आहे. या हकिकतीत हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सरळ रेघ ओढून दाखविणे कोणालाही जमणार नाही. गादी, मुलूख, सारा आणि फौज यांचे हिशेब एकीकडे आणि धर्म दुसरीकडे, असा हा काळ नव्हता. धर्म त्याच हिशेबात कधी कामी येई, कधी बाजूस पडे. मात्र येथे आपल्या बाजूच्या मंडळींनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १६७९ मध्ये पुन्हा बसविलेला जिझिया आणि १६८९ मधील संभाजी महाराजांची क्रूर हत्या यांविषयी दबक्या आवाजात बोलण्याचे काहीच कारण नाही. सलोख्यासाठी इतिहास गुळगुळीत करावा लागतो, असे मानणारा पुरोगामी कार्यकर्ता विरोधकांचेच काम सोपे करतो. मूल घरी जाऊन दुसरीकडून खरी हकीकत ऐकते आणि त्याचा शिक्षकावरचा विश्वास उडतो.

राज्यभर एकच पाठ्यपुस्तक चालते तेव्हा त्यात नागपूरच्या वाट्याला किती ओळी येणार, हे सांगावयास नको. तथापि दोष सर्वस्वी पुस्तकाचा आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. दहावीचे २०१८ मध्ये आलेले इतिहासाचे पुस्तक सनावळ्यांचे नाही. ते इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांपासून सुरू होते, पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन अशा वाटेने जाते. इतिहास कसा लिहिला जातो, पुरावा कशाला म्हणावे, चित्रपटातला इतिहास आणि दफ्तरातला इतिहास यांत फरक काय, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगण्याचा हा प्रयत्न खचित चांगला होता. मग झाले काय? इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची, दोन तासांची प्रश्नपत्रिका. योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा. व्हॉल्तेअर, हेगेल, रांके आणि कार्ल मार्क्स हे चौघेही चार पर्यायांच्या रांगेत येऊन उभे राहिले. मार्क्सची याहून अधिक निरुपद्रवी सोय आजवर कोणत्याही भांडवली सरकारला सुचली नव्हती! पुराव्याची परीक्षा कशी करावी हा धडा मुलांनी गाईडातून पाठ केला आणि परीक्षेनंतर गाईड रद्दीत गेले.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबाराचे प्रकरण आणि दहावीतून लोकसंघर्ष व चळवळींचे प्रकरण वगळले, तेव्हा देशभर निषेध झाला, आणि तो योग्यच होता. पण जे प्रकरण पुस्तकात राहूनही कधी शिकविले जात नाही, त्याचा निषेध कोणाकडे करावयाचा?

इतिहास पोट भरून देत नाही, म्हणून त्याचे तास गणित-विज्ञानाला द्यावेत, असे पालक म्हणतात. वस्तुतः याच पालकांच्या घरी इतिहास एक दिवस दाखल्याच्या रूपाने येतो. जातपडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधावे लागते, मोडी वाचणारा गाठावा लागतो, एकाच माणसाच्या दोन नोंदींत जात वेगळी का लिहिली गेली याचे उत्तर द्यावे लागते. हे सगळे काम इतिहासकाराचे आहे, आणि ते अर्धशिक्षित मजुराच्या माथी येते.

नागपूरने याचे सर्वांत दारुण रूप पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड-गोवारी’ या नोंदीचा लाभ आपल्याला मिळावा, ही त्यांची मागणी. ‘गोंड-गोवारी’ ही जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती, सबब ती नोंद गोवारींनाच लागू होते, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय रद्द केला. जुन्या जनगणनेचे अहवाल, रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा ग्रंथ, असल्या कागदांवर एका गुराखी समाजाचे भवितव्य तोलले गेले. आणि ते कागद वाचू शकणारी माणसे त्या समाजात किती होती?

चाळीसपैकी निदान दहा गुण गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या मूळ साधनावरील लेखी कामाला द्यावेत, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि पक्षाच्या शाखांनी मंडळाकडे लावून धरावयास हवी. प्रकल्पवह्या बाजारात विकत मिळू लागतील, हा आक्षेप खोटा नाही. परंतु शाळेच्याच कपाटातले रजिस्टर बाजारात मिळत नाही. मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होईल. शाखांनी तोवर थांबण्याची गरज नाही. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी सुरू झाली, आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. शेवटच्या पाळीचे कामगार आज वृद्ध आहेत. त्यांच्या हजेरीकार्डांचे, पगारचिठ्ठ्यांचे, युनियनच्या पावत्यांचे गठ्ठे अजून काही घरांत माळ्यावर पडून आहेत. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आठवी-नववीची मुले घेऊन त्या घरांत जावे, आणि कागद खाली काढण्यापूर्वी घरच्यांची परवानगी मागावी.