काजळीचा हिशेब

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

शाळेत मला विज्ञानाची गोडी होती, तरी इंटरला मी वाणिज्य शाखा घेतली. कारण एकच. विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत होती आणि माझी शाळा मराठी माध्यमाची. मी भ्यालो, हेच खरे.

परवा सूक्ष्मलहरी शोषणाऱ्या कार्बनविषयीचा एक इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन वाचला आणि चकित झालो. हा तर आमचाच जमाखर्च! येणारी लहर १०० धरली, तर काही भाग पृष्ठभागावरून परत फिरतो, काही आरपार जातो आणि उरलेला आत जिरून त्याची उष्णता होते. बेरीज १००च.

मग कार्बन भरपूर घातला की झाले? तसे नाही. फार झाला तर तो धातूसारखा वागतो व लहरीला दारातूनच परत लावतो. फार कमी पडला तर लहर निसटते. म्हणून आधी तिला आत घ्यायचे आणि मग दमवायचे. त्यासाठी रबरात किंवा फोममध्ये केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या मोजून मिसळतात. सुमिओ इजिमा या जपानी शास्त्रज्ञाने १९९१ साली अशा नळ्यांचे वर्णन केले होते. परतणारी लहर १० डेसिबलने घटली म्हणजे ९० टक्के वाचली, २० डेसिबलने घटली म्हणजे ९९ टक्के. शिवाय थर पातळ हवा, हलका हवा. एक साधताना दुसरे सुटते, आणि खरी कसोटी तिथेच आहे. रडारला चुकवणारी विमाने आणि एकमेकांच्या कामात ढवळाढवळ न करणारी उपकरणे यांना असे थर लागतात.

या विषयासाठी दूर जायला नको. बाळापूरच्या ए.आर.सी.आय. संस्थेत कार्बन पदार्थांचे केंद्र आहे. संरक्षण खात्याची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा डी.एल.आर.एल. याच शहरात आहे. पण तिथे काय चालते ते आपल्या भाषेत आपल्याला कोण सांगतो?

याच हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवले गेले. उर्दू ही येथील बहुसंख्यांची मातृभाषा नव्हती, हे खरे. पण देशी भाषेला विज्ञान पेलते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, पुढे इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. मान्य. इंग्रजी शिकावीच. पण विषयाची गोडी लागण्याआधीच भाषेने दार लावून घेऊ नये. वरचा जमाखर्च मी एका मित्राला कन्नडमध्ये सांगून पाहिला. त्यालाही तो समजला.

म्हणून माझी सूचना आहे की, पुढील अंकापासून मराठी व कन्नड या दोन्ही विभागांत विज्ञानाचे एकेक पान असावे. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते तपासावे. लिहायला आम्ही वाणिज्यवालेही तयार आहोत.