समाईक विहिरीचा सातबारा

फॅन फिक्शन म्हणजे काय, असे आमच्या वर्गात विचारले तर निम्मे हसतील आणि निम्मे गप्प बसतील. गप्प बसणारे बहुधा ते चोरून वाचणारे असतात! आवडत्या कादंबरीतली वा मालिकेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी हौसेखातर, मोबदला न घेता लिहिलेल्या कथा, एवढाच त्याचा अर्थ. महाभारतातला कर्ण शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’मधून नव्याने बोलता केला, त्याला आपण साहित्य म्हणतो, शेरलॉक होम्सला कुणी मुलगी नव्याने बोलते करते तेव्हा मात्र नाक मुरडतो. (तुलना दर्जाची नव्हे, वृत्तीची आहे, हे प्राध्यापकांनी कृपया ध्यानात घ्यावे.)

गेल्या पावसाळ्यात होम्सवरची अशीच एक लांबलचक कथा मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होते. लेखिका ती स्वतःच्या ब्लॉगवर प्रकरणाप्रकरणाने लिहीत असे. सतरा प्रकरणे झाली, आणि एका सकाळी तो ब्लॉगच जागेवर नव्हता. लेखिकेचे खरे नाव मला ठाऊक नाही. विचारणार तरी कुणाला? तेव्हापासून प्रश्न पडला की, अशा कथा ज्याने त्याने आपापल्या ब्लॉगवर ठेवाव्यात, की एखाद्या मोठ्या समाईक संग्रहात?

माझी मैत्रीण ब्लॉगच्या बाजूची आहे. तिचे म्हणणे, ब्लॉग ही आपली ओसरी. तिथे कथेबरोबर लिहिणाऱ्याचा स्वभाव कळतो, गप्पा होतात. संग्रहात आपण लाखांतले एक. हे मला पटते. पण ओसरी आपली असली तरी घर भाड्याचे असते, हे ती विसरते. जिओसिटीज या ठिकाणी लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य पाने होती, त्यांत चाहत्यांच्या कथाही होत्या; ऑक्टोबर २००९ मध्ये याहू कंपनीने अमेरिकेतले ते दुकानच बंद केले. त्याआधी मे २००७ मध्ये लाइव्हजर्नल या कंपनीने एका बाहेरच्या गटाच्या तक्रारीवरून सुमारे ५०० खाती एकदम बंद केली. त्यांतली बरीचशी नंतर परत आली खरी, पण मालक कोण, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

मग एकत्र यावे, तर तेवढ्यानेही भागत नाही. फॅनफिक्शन डॉट नेट हा १९९८ पासूनचा मोठा संग्रह. त्याने २००२ मध्ये केवळ प्रौढांसाठी असलेल्या कथांना मनाई केली आणि होत्या त्या काढून टाकल्या. शेतकऱ्याच्या घरात समाईक विहिरीची भांडणे पाहतच आम्ही मोठे होतो. पाणी सगळे भरतात. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विहीर बुजवायची वेळ आली की कळते.

म्हणूनच ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’चे मला विशेष वाटते. नेओमी नोविक या कादंबरीकार आणि इतर चाहत्यांनी २००७ मध्ये संस्था काढली, आणि २००९ मध्ये हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. नाव व्हर्जिनिया वूल्फच्या १९२९ च्या निबंधावरून सुचलेले. तिला स्वतःची खोली हवी होती, यांनी खोलीतले ‘स्वतःची’ बदलून ‘आपली’ केले. यंत्रे संस्थेच्या मालकीची, खर्च देणग्यांतून, जाहिरात नाही, राबणारे सगळे स्वयंसेवक. आज तिथे एक कोटीहून अधिक कथा आहेत. बंद पडणारे जुने छोटे संग्रहही तिथे आणून ठेवले जातात. शिवाय कथा उतरवून घेता येते. आमच्या गावी रेंज नसली तरी वाचता येते, हे माझ्या दृष्टीने २०१९ च्या ह्यूगो पुरस्कारापेक्षा मोठे!

एकाच ठिकाणी सगळे ठेवण्यात धोका आहेच. जुलै २०२३ मध्ये कुणीतरी हल्ला करून हा संग्रह बंद पाडला, तेव्हा जगभरचे वाचक ताटकळले. तेव्हा मैत्रिणीने ब्लॉग मोडावा असे मी म्हणत नाही. गप्पा तिथेच व्हाव्यात. कथेची एक प्रत मात्र संग्रहात असावी.

कथा काढून टाकण्याचा हक्क अर्थात लिहिणाऱ्याचाच. पण या संग्रहात आणखी एक सोय आहे: कथेशी संबंध नको झाला तर लेखक आपले नाव काढून घेऊ शकतो, आणि कथा तिथेच राहते. माझ्या त्या लेखिकेला नेमके काय नको झाले होते कोण जाणे. नावच नको झाले असेल, तर अठरावे प्रकरण मला अजून वाचता आले असते.